पुसँचे ‘तांक्रेदी आणि एर्मिनिया’ : करुणेची मर्यादा

निकोला पुसँ या फ्रेंच चित्रकाराने १६३० च्या सुमारास रंगवलेले हे बरोककालीन चित्र सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. प्रसंग तोर्क्वातो तासोच्या ‘जेरुसलेमची मुक्ती’ (१५८१) या इटालियन महाकाव्यातील. पार्श्वभूमी १०९९ च्या जेरुसलेमच्या वेढ्याची. मुस्लिम योद्धा अरगांते याला द्वंद्वात ठार करून ख्रिस्ती सरदार तांक्रेदी स्वतः मूर्च्छित पडला आहे. त्याच्या जखमा बांधण्यासाठी अँटिओकची मुस्लिम राजकन्या एर्मिनिया तलवारीने आपले केस कापते आहे.

काव्यातील क्लोरिंदा, आर्मिदा आणि एर्मिनिया या तिन्ही नायिका अखेर ख्रिस्ती पक्षाकडेच वळतात. त्यांचा गौरव या वळणावर अवलंबून आहे. पुसँ मात्र धर्मभेद ठळक करीत नाही. मारण्याचे हत्यार शुश्रूषेच्या कामी येते, हीच चित्राची खरी कल्पना.

तरीही अरगांतेचा देह मागे तसाच पडून आहे. त्याच्याजवळ कोणी नाही. चित्रातील करुणा खरी आहे, पण ती एकाच बाजूच्या जखमीला मिळते. वर्गात हे चित्र दाखवताना रेषा-रंगांच्या सौंदर्याबरोबर विद्यार्थ्यांना एवढे विचारले पाहिजे : येथे शोक कोणासाठी आहे, आणि कोणासाठी नाही?