ताजमधला ट्रम्पेट : क्रिकेट स्मिथच्या ध्वनिमुद्रणांविषयी

काशीमीऱ्याला, घोडबंदर रस्ता अहमदाबाद महामार्गाला मिळतो त्याच्या आसपास मी राहतो. लग्नसराईत वरातीच्या बँडमधला ट्रम्पेट ‘अलबेला’तलं ‘शोला जो भडके’ वाजवत खिडकीखालून जातो. हे वाद्य मुंबईच्या गाण्यात कुठून आलं, याचा माग काढताना विल्यम ‘क्रिकेट’ स्मिथ या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाच्या ध्वनिमुद्रणांपाशी मी थांबलो.

या तबकड्या तीन शहरांतल्या आहेत. न्यूयॉर्क, 1914 : जेम्स रीज युरोप यांच्या वाद्यवृंदाची ‘कॅसल हाउस रॅग’. पॅरिस, 1922-23 : मिचेल्स जॅझ किंग्ज या बँडने पाथे कंपनीसाठी केलेली मुद्रणं. आणि मुंबई, 1936 : ताजमहाल हॉटेलात वाजवणाऱ्या त्याच्या स्वतःच्या ‘सिम्फोनियन्स’ बँडची ‘ताजमहाल’ ही तबकडी. तिची रचना मुंबईच्या मेना सायलस यांची. नरेश फर्नांडिस यांच्या ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ (2012) या पुस्तकाचं नाव तिच्यावरूनच आलं.

सलग ऐकलं की मुंबईचा भाग म्हणजे उतरत्या कारकिर्दीची शेपटी, असं मत सहज बनतं. माझंही बनलं होतं. पुन्हा पुन्हा ऐकल्यावर ते मला बदलावं लागलं.

पहिला मुद्दा यंत्राचा. 1925 च्या सुमारास विद्युत मुद्रण आलं; त्याआधी वादक कर्ण्यासमोर दाटीने उभे राहत. कॉर्नेटचा टोकदार आवाज त्यात नीट उतरे, ठेक्याची वाद्यं मात्र दबून जात. 1936 पर्यंत मायक्रोफोन रुळला होता. पॅरिसचा स्मिथ प्रखर आणि मुंबईचा मवाळ वाटतो, त्यात वयाचा वाटा किती आणि यंत्राचा किती, हे आधी तोलायला हवं.

दुसरा मुद्दा पिढीचा. लुई आर्मस्ट्राँगचा जन्म 1901 चा. स्मिथ त्याच्या आधीचा, रॅगटाइममध्ये घडलेला. धून स्वच्छ मांडायची आणि नाचणाऱ्यांच्या पावलांखाली लय हलू द्यायची नाही, हे त्याचं काम. त्याच्यात आर्मस्ट्राँगची एकल भरारी शोधणं म्हणजे नाट्यपदात ख्यालाएवढी आलापी नाही म्हणून ते नापास करणं. तीन मिनिटांच्या तबकडीत त्याचा कस लागतो तो सांघिक वादनात.

इथेच मुंबईचा संबंध येतो. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवत. तिथून आलेले वादक हॉटेलांच्या बँडमध्ये आणि पुढे चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसले. 1916 मध्ये हळदोण्यात जन्मलेला अंतोनियो शावियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, हा त्यांच्यातला ट्रम्पेटवादक. 1951 च्या ‘अलबेला’त सी. रामचंद्रांच्या संगीतामागे तो आहे. त्याचा आदर्श आर्मस्ट्राँग. लोक त्याला भारताचा आर्मस्ट्राँगच म्हणत. म्हणून ‘स्मिथ, मग चिक, मग अलबेला’ अशी सरळ वंशावळ मी मांडणार नाही. तबकड्या ती सिद्ध करत नाहीत. पण कागद वाचून एकजुटीने वाजवण्याची जी शिस्त 1936 च्या मुद्रणात ऐकू येते, तिच्याशिवाय चित्रपटाचा मोठा वाद्यवृंद उभा राहिला नसता.

माझी तक्रार संग्रहांच्या मांडणीशी आहे. एका वादकाच्या नावाने तबकड्या लावल्या की मुंबई शेवटी जाते आणि शेजारच्या खुर्चीवरचे लोक ‘इतर’ होतात. त्याच तबकड्या शहराप्रमाणे लावून पाहा. शिकागोहून शांघायमार्गे ताजमध्ये आलेला पियानोवादक टेडी वेदरफर्ड, पारशी सॅक्सोफोनवादक रूडी कॉटन आणि चिक चॉकलेट स्मिथच्या शेजारी येऊन बसतात. मग 1936 ची ती तबकडी एका माणसाचा शेवट न राहता एका शहराच्या वाद्यसंगीताची सुरुवात म्हणून ऐकू येते.

काल रात्री वरात पुन्हा गेली. बँडच्या गाडीवर मालकाचं नाव दिव्यांच्या अक्षरांत झळकत होतं. ट्रम्पेटवाला अंधारात, गाडीच्या मागे चालत होता.