मंडालेचे टपाल

माझ्या लहानपणी आमच्या रेवदंड्याच्या बाजूला घरटी एखादा तरी माणूस मुंबईला असे. शेजारच्या काकींचा मुलगाही तिकडेच नोकरीला होता. काकींना अक्षरओळख नव्हती, म्हणून त्यांच्या पत्रांचा वाचक मी. पत्राचा मायना त्यांच्या दिरांच्या नावाचा असे. आईच्या वाट्याला फक्त ‘मातोश्रींस सांगावे’ एवढे येई. पावसाआधी कौले चाळून घ्यावीत, नारळ इतक्यात विकू नयेत, मातोश्रींनी औषध चुकवू नये, असा सगळा व्यवहार! मला ती पत्रे फार रुक्ष वाटत. काकी मात्र औषधाची ओळ दोनदा वाचायला लावीत आणि पदराने डोळे टिपीत. आपले पत्र आधी काकांच्या हाती पडणार आणि मग शेजारचा पोरगा ते ओटीवर बसून मोठ्याने वाचणार, हे त्या मुलाला ठाऊक होते. त्याने लिहावे तरी कसे?

लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगातून घरी लिहिलेली पत्रे वाचताना मला या काकींची वारंवार आठवण झाली.

आमच्या जिल्ह्याला टिळकांची मोठी ओळख आहे ती रायगडावरची. १८९६ साली तिथे शिवोत्सव भरला, त्यामागे त्यांचीच खटपट होती. सभेतले आणि ‘केसरी’तले टिळकही आपण शाळेपासून ऐकतो. पत्रांतले टिळक मात्र वेगळे. २२ जुलै १९०८ रोजी त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि १९१४ च्या जूनमध्ये ते पुण्याला परत आले. या काळात घरचा सारा कारभार त्यांचे भाचे धोंडोपंत विद्वांस पाहत, आणि मंडालेहून येणाऱ्या पत्रांचा मायना त्यांच्याच नावाचा असे. प्रत्येक पत्र तुरुंगाच्या अधिकाऱ्यांच्या नजरेखालून जाई. टिळकांच्या पत्रांचा संग्रह पुढे १९६६ साली पुस्तकरूपाने निघाला.

ज्वलंत उद्गार शोधायला जो जाईल त्याची ही पत्रे निराशा करतील. अमुक पुस्तक पाठवा, कज्जाचे काय झाले, मुलांचे शिक्षण कसे चालले आहे, प्रकृती बरी आहे, असा मजकूर पानोपान चालतो. १९११ साली ‘गीतारहस्या’चे लेखन पुरे झाले, तेव्हाही छापल्यावर ते किती पानांचे होईल, याचा हिशेब भाच्याला कळवायला ते विसरलेले नाहीत. मी स्वतः कादंबऱ्या लिहितो. एवढे पुस्तक पेन्सिलीने लिहून संपवल्यावर मी तरी इतक्या शांतपणे पानांचा हिशेब केला नसता, हे कबूल करतो!

पण या संग्रहात एक पत्र असे आहे की, ते वाचल्यावर आधीची सगळी पत्रे पुन्हा वाचावीशी वाटतात. ७ जून १९१२ रोजी पुण्यात सत्यभामाबाई वारल्या. १८७१ पासूनचा तो संसार. तार मंडालेला पोचली, आणि टिळकांनी उत्तर लिहिले. संकटे शांतपणे सोसायची आपल्याला सवय आहे, पण हा धक्का मोठा आहे, हे ते मान्य करतात. पतीच्या आधी पत्नीने जावे, हे आपल्या समजुतीप्रमाणे वाईट नाही, असेही म्हणतात. मग मात्र खरे दुःख बाहेर येते. शेवटच्या घटकेला आपण जवळ नव्हतो, आणि हे असेच होणार अशी आपल्याला पहिल्यापासून भीती होती! एवढे लिहून ते स्वतःच स्वतःला थांबवतात. तिच्या सगळ्या इच्छा अक्षरशः पुऱ्या करा, अस्थी पवित्र क्षेत्री न्या, मुलांकडे पाहा, अशी पुन्हा कामांची यादी सुरू होते.

हा कोरडेपणा आहे काय? मला तसे वाटत नाही. जो माणूस परक्या अंमलदाराच्या देखत रडणार नाही, त्याचे रडणे यादीतच शोधावे लागते. ‘अक्षरशः’ या एका शब्दात सारा शोक आला आहे.

तरीही टीकाकाराने पूज्यभावाने डोळे मिटू नयेत. मुलांना धीर देताना टिळक लिहितात की, आपण त्यांच्याहून लहान वयात पोरके झालो होतो. आपत्तीने माणूस स्वावलंबी व्हावा. टिळकांना हे लागू पडले, म्हणून सर्वांना लागू पडेलच असे नाही. धाकटे श्रीधरपंत यांनी १९२८ साली स्वतःचे जीवन संपवले, हे ठाऊक असलेल्या वाचकाला ती ओळ सहज ओलांडता येत नाही. त्या ओळीचा आणि त्या घटनेचा संबंध जोडणे अन्यायाचे होईल. पण बापाने मुलाला दिलेले बळ आणि मुलाला हवे असलेले बळ एकच असते, असे मानणेही बरोबर नाही. शिक्षक म्हणून हे मला रोज दिसते.

दुसरी उणीव या पत्रांची नाही, काळाची आहे. रमाबाई रानडे यांनी १९१० साली आपल्या आठवणी छापल्या, म्हणून न्यायमूर्तींचे घर आपल्याला पत्नीच्या बाजूने दिसले. सत्यभामाबाईंचे असे पुस्तक नाही. या पत्रांतही त्या ‘तिला सांगावे’च्या पलीकडच्या बाजूला, ऐकणाऱ्या म्हणूनच आहेत. मंडालेचे टपाल आल्यावर टिळकांच्या घरात कोणती ओळ दोनदा वाचली गेली असेल, हे आपल्याला कोणी सांगितलेले नाही.

काकी गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत ती सगळी पत्रे एका सुतळीत बांधलेली सापडली. त्यांना स्वतःला एकही वाचता येत नव्हते.