‘रचना सारखीच, गती वेगळी’: हे वाक्य पाठ करण्याआधी

भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी ओळखला जातो, म्हणून पितळेपासूनच सुरू करू. वितळलेलं पितळ थंड झालं की त्याचे अणू स्फटिकाच्या शिस्तीत बसतात. द्रव आणि घन यांच्या रचनेतला फरक क्ष-किरणांनी लगेच दिसतो. काचेचं तसं नाही. वितळलेली काच थंड करत गेलं की ती फक्त घट्ट होत जाते. खोलीतल्या पाण्याची विस्कॉसिटी साधारण ०.००१ पास्कल-सेकंद असते. द्रवाची काच झाली असं म्हणतात तेव्हा हा आकडा १०च्या १२व्या घाताच्या आसपास पोचलेला असतो. अणूंची सरासरी मांडणी मात्र फारशी बदललेली दिसत नाही. मग हालचाल थांबली कशामुळे?

यावर एक तयार उत्तर फिरतं: ‘रचना सारखीच राहते, गती बदलते, म्हणून रचनेत उत्तर शोधू नका.’ संशोधनाच्या मुलाखतीला जाणारे बरेच जण ते पाठ करून जातात. या उत्तराला हादरा देणारा एक पेपर आपल्याकडचाच आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या सारिका मैत्रा भट्टाचार्य यांनी आत्रेयी बॅनर्जी, शिलादित्य सेनगुप्ता आणि श्रीकांत शास्त्री यांच्यासोबत २०१४ साली तो ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये प्रसिद्ध केला. तो कसा वाचायचा आणि कुठे थांबून प्रश्न विचारायचा, ते बघू.

आधी पार्श्वभूमी. २००९ साली बर्थिए आणि तार्युस यांनी संगणकावर दोन द्रव घेतले. पहिला कोब-अँडरसन मिश्रण: ८० टक्के एका प्रकारचे कण, २० टक्के दुसऱ्या प्रकारचे, आणि त्यांच्यात लेनार्ड-जोन्स बल. दुसऱ्यात तेच कण, पण आकर्षण कापून टाकलेलं, फक्त प्रतिकर्षण उरलेलं. दोघांचं पेअर कोरिलेशन फंक्शन, म्हणजे एका कणापासून ठरावीक अंतरावर दुसरा कण सापडण्याचं सापेक्ष प्रमाण, जवळपास एकमेकांवर बसतं. पण तापमान उतरवलं की आकर्षण असलेला द्रव कितीतरी जास्त मंद होतो. निष्कर्ष सरळ वाटतो: जोड्यांच्या रचनेत गतीचं उत्तर नाही.

२०१४च्या पेपरने पकडला तो ‘जवळपास’ हा शब्द. आलेख डोळ्यांना सारखे दिसतात, पण शिखरांत आणि दऱ्यांत किंचित फरक उरतोच. लेखकांनी तो फरक डोळ्यांनी न मोजता एंट्रॉपीतून मोजला. पेअर कोरिलेशन फंक्शनवरून एंट्रॉपीतला जोड्यांचा वाटा काढता येतो. त्यातून कॉन्फिगरेशनल एंट्रॉपीचा अंदाज येतो. मग १९६५च्या अ‍ॅडम-गिब्ज संबंधातून रिलॅक्सेशन टाइम मिळतो. या संबंधात कॉन्फिगरेशनल एंट्रॉपी घातांकाच्या छेदात बसते, आणि सगळी जादू तिथेच आहे. समजा, घातांक २० वरून २५ झाला. वाढ फक्त पाव पट. पण वेळ वाढतो e च्या ५व्या घाताने, म्हणजे सुमारे १४८ पट. आलेखावर नजरेतून सुटणारा फरक गतीत असा फुगून येतो.

मला या पेपरचं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे: ‘सारखं’ हा शब्द कोणत्या मापाने, हे विचारल्याशिवाय स्वीकारायचा नाही, हे त्याने आकड्यांनी दाखवलं.

आता कच्चे दुवे. पहिला लेखकांनी स्वतःच सांगितलाय. फक्त जोड्यांचा वाटा धरला तर दोन द्रवांच्या गतीतला फरक प्रत्यक्षापेक्षा जास्त येतो. तीन किंवा अधिक कणांच्या संबंधांचा वाटा मिळवला की रिलॅक्सेशन टाइम आणि फरक, दोन्ही खाली येतात. म्हणजे ‘जोड्यांतच सगळं आहे’ असं हा पेपर म्हणत नाही. त्याचा हवाला देऊन कुणी तसं म्हणालं तर मूळ पेपर उघडा.

दुसरा दुवा जास्त गंभीर आहे. रचनेपासून गतीपर्यंतचा सगळा प्रवास अ‍ॅडम-गिब्ज या एकाच पुलावरून होतो. तो अनेक द्रवांत चालतो हे खरं, पण एंट्रॉपी कमी झाल्यामुळेच कण अडकतात, की दोन्ही गोष्टी तिसऱ्याच कारणाने होतात, हे त्यातून सिद्ध होत नाही. माझ्या मते पेपरने नातं पक्कं केलं, कारण नाही.

तिसरा दुवा सरासरीचा. अतिशीत द्रवात काही भाग चपळ असतात, तर शेजारचेच काही भाग गोठल्यासारखे. एंट्रॉपी हा अख्ख्या द्रवाचा एक आकडा, त्यामुळे कोणता कण हलणार हे तो सांगू शकत नाही. विडमर-कूपर आणि हॅरोवेल यांनी २००४ साली हा प्रश्न वेगळा मांडला होता: सुरुवातीची मांडणी तीच ठेवायची, वेग बदलून पुन्हापुन्हा सिम्युलेशन चालवायचं, आणि कोणते कण दर वेळी जास्त सरकतात ते पाहायचं. पुढे २०२० साली लांद, बिरोली, दोशो, लिऊ आणि रायकमन यांनी याच दोन द्रवांवर मशीन लर्निंग लावलं. प्रत्येक कणाच्या शेजाराकडे पाहूनही त्यांचा कौल जोड्यांच्या रचनेच्याच बाजूने गेला. वेगळ्या वाटेने तिथेच पोचणं, हा २०१४च्या पेपरला मिळालेला चांगला आधार आहे.

हे तुम्हाला का सांगतोय? भंडारा, तुमसर, साकोलीत बसून एमएस्सी करणाऱ्याला वाटतं, संशोधन म्हणजे मोठं यंत्र, आपल्या कॉलेजात ते नाही, विषय संपला. इथे यंत्र लागत नाही. लॅम्प्स हे सॉफ्टवेअर फुकट आहे. १,००० कणांचं कोब-अँडरसन मिश्रण घनता १.२ वर, तापमान १.० पासून हळूहळू खाली, साध्या लॅपटॉपवर चालतं. फार खाली जाऊ नका, तिथे दिवसच्या दिवस जातात. आकर्षण ठेवून एकदा, कापून एकदा चालवा. दोन्ही पेअर कोरिलेशन फंक्शन एकाच आलेखावर काढा, मग g ln g − g + 1 ला अंतराच्या वर्गाने गुणून तेही काढा. फरक कोणत्या अंतरावर साठतोय, पहिल्या शिखरापाशी की पुढच्या दरीत, ते वहीत लिहून ठेवा आणि मगच पेपरातल्या आकृत्यांशी ताडून बघा.