नेब्रिहाचे जन्मगाव आणि भाषेचे प्रामाण्य

आंतोनियो दे नेब्रिहा याने अँडालुसियातील लेब्रिहा या आपल्या जन्मगावाच्या प्राचीन लॅटिन नावावरून स्वतःचे नाव घडवले. १४९२ साली सालामांका येथे त्याचे कास्तिलियन व्याकरण छापले गेले. १५२२ साली आल्काला येथे तो निवर्तला. पुढे, १५३५च्या सुमारास, हुआन दे वाल्देस याने आपल्या भाषाविषयक संवादात नेब्रिहाचा अधिकार नाकारला. त्याचे एक कारण: तो अँडालुसियन, आणि तेथील भाषा फारशी शुद्ध नव्हे. त्याचे व्याकरण वाचलेले नाही, अशी कबुलीही याच संवादात आहे. म्हणजे येथे ग्रंथाच्या परीक्षणाची जागा ग्रंथकाराच्या गावाने घेतली. प्रमाणभाषेची प्रतिष्ठा नियमांइतकीच प्रदेशावर उभी असते, याची ही साक्ष होय. ज्या गावाने त्याला विद्वानाचे नाव दिले, त्याच गावाने त्याचे प्रामाण्य संशयास्पद ठरवले.