जाझ-संग्राहकांची पद्धति आणि ध्वनिमुद्रिकेचें ऐतिहासिक प्रामाण्य

ध्वनिमुद्रिकांचा संग्रह करणें हा रिकामपणाचा छंद होय, अशी समजूत कागदपत्रांच्या संग्राहकांतही बरीच रूढ आहे. पोथी हातानें लिहिलेली असते व पुष्कळदां एकुलती एक असते. तबकडी यंत्रानें काढलेली आणि बाजारांत शेंकड्यांनीं विकलेली. तेव्हां ऐतिहासिक साधनांत तिची गणना कशास करावी, असा आक्षेप निघतो. हा आक्षेप टिकणारा नाहीं हें दाखवावें, आणि ज्यांनीं तबकडीची चिकित्सा चिकाटीनें व शिस्तीनें केली त्या जाझ-संगीताच्या संग्राहकांच्या पद्धतीचे गुणदोष मुंबईच्या उदाहरणांवरून तपासावे, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे. जाझ म्हणजे अमेरिकेंतील कृष्णवर्णीय वादकांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं घडविलेलें, ऐनवेळीं सुचणाऱ्या विस्तारावर उभें असलेलें संगीत. विवेचनाच्या सोयीसाठीं कल्याणच्या पुढें लोहमार्गावर लागोपाठ येणाऱ्या उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ह्या तीन गांवांचा आधार घेतला आहे. कारण साधनचिकित्सेचे तीन मुख्य प्रश्न ह्या तीन गांवांच्या इतिहासांत आयते सांपडतात.

पहिला प्रश्न वाचनाचा. अंबरनाथच्या शिवालयांतील शिलालेखाचा शक डॉ. भाऊ दाजी यांनीं ७८२ असा वाचला. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तोच ९८२ असा लावला. पहिल्या वाचनाप्रमाणें देऊळ इ. स. ८६० चें ठरतें, दुसऱ्याप्रमाणें १०६० चें. लेखांत ज्याचें नांव आहे तो शिलाहार राजा मुम्मुणि इतर पुराव्यावरून अकराव्या शतकांत पडतो, म्हणून दुसरें वाचन मान्य झालें. एका अंकानें दोनशें वर्षांचा फरक पडला.

तबकडीवर असे अंक दोन प्रकारचे असतात. मधल्या कागदी लेबलावर छापलेला कॅटलॉग क्रमांक हा व्यापाऱ्याचा; तो विक्रीच्या सोयीसाठीं दिलेला असून तेंच मुद्रण पुन्हां बाजारांत आणतांना बदलूं शकतो. लेबलाभोंवतींच्या गुळगुळीत कड्यांत उमटलेला मॅट्रिक्स क्रमांक हा मुद्रण करणाऱ्याचा. तो त्या विशिष्ट मुद्रणास जोडलेला असतो, आणि तेंच गीत एकाच बैठकींत दोन-तीन वेळां मुद्रित केलें असल्यास हें त्यांपैकीं कितवें, याची खूणही पुष्कळदां त्याजवळ मिळते. केवळ लेबलावरून काळ ठरविणें म्हणजे पोथीचा काळ तिच्या नव्या बांधणीवरून ठरविण्यासारखें आहे. इ. स. १९०२ च्या अखेरीस फ्रेड गैसबर्ग यांनीं कलकत्त्यास गौहरजान यांचें गाणें मुद्रित केलें, त्या सुमारच्या तबकड्यांत गाण्याच्या शेवटीं गायिका स्वतःचें नांव उच्चारते. तबकड्या जर्मनींत हानोव्हर येथें तयार होत, आणि कोणतें मुद्रण कोणाचें हें तेथील कारागिरांस कळावें लागे. लेखनिक पोथीच्या अखेरीस नांव व तिथि घालतो ती पुष्पिका आणि ही घोषणा यांत तत्त्वतः भेद नाहीं. मायकेल किनिअर यांनीं १८९९ ते १९०८ पर्यंतच्या ग्रामोफोन कंपनीच्या हिंदी मुद्रणांची सूची १९९४ सालीं मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाकडून प्रसिद्ध केली, तिचें महत्त्व ह्या दृष्टीनें पाहावयास पाहिजे.

ही शिस्त लावण्याचें मोठें श्रेय जाझच्या संग्राहकांस आहे. जुन्या जाझ-तबकडीवर बहुधा वाद्यवृंदाच्या नायकाचेंच नांव असे, व कित्येकदां तेंही खोटें. बाकीचे वादक कोण हें शोधण्यासाठीं ह्या हौशी मंडळींनीं तबकड्या शेंकडों वेळां ऐकल्या, हयात वादकांस गांठून विचारलें, कंपन्यांच्या वह्या धुंडाळल्या आणि एकमेकांशीं कडाक्याचे वाद घातले. पॅरिसच्या शार्ल दलोने यांची ‘हॉट डिस्कोग्राफी’ १९३६ सालीं निघाली. पुढें ब्रायन रस्ट यांनीं १८९७ ते १९४२ पर्यंतच्या जाझ-मुद्रणांची विस्तृत सूची सिद्ध केली. हें काम विद्यापीठांनीं आरंभिलें नाहीं; तें प्रेमापोटीं संग्रह करणाऱ्यांनीं केलें. आमच्याकडेही दप्तरें प्रथम वाचविलीं तीं हौशी माणसांनींच.

परंतु ह्या संग्राहकांनीं आमच्या पाठचिकित्सेस एक नवा प्रश्नही घातला आहे. पोथीच्या दहा प्रतींत दहा पाठ सांपडले तर त्यांच्यामागें एक मूळ पाठ होता असें आपण धरतों, व लेखनिकांचे दोष वजा करीत त्या मूळापर्यंत जाऊं पाहतों. जाझमध्यें एकाच गीताचीं दोन मुद्रणें दहा मिनिटांच्या अंतरानें झालीं, तरी एकांतील विस्तार दुसऱ्यांत नसतो. त्यांतील कोणतेंही दुसऱ्याची नक्कल नाहीं, दोन्ही अस्सल. म्हणून जाझचा संग्राहक एकाच गीताच्या निरनिराळ्या मुद्रणांसाठीं जीव टाकतो, तें केवळ वेड नव्हे. ख्यालगायनासही हाच न्याय लागू आहे. ‘ही चीज आमच्याकडे आहे’ म्हणून तिचें दुसरें मुद्रण टाकून देणारा मनुष्य नक्कल टाकीत नाहीं, एक स्वतंत्र अस्सल नष्ट करतो.

तबकडी काय सांगत नाहीं, हेंही पाहिलें पाहिजे. जाझची पहिली तबकडी म्हणून ‘ओरिजिनल डिक्सिलँड जास बँड’ ह्या गौरवर्णीयांच्या वाद्यवृंदाचें फेब्रुवारी १९१७ मधील मुद्रण सांगण्यांत येतें. त्यावरून जाझ त्यांनीं निर्माण केला असें अनुमान काढणें म्हणजे सर्वांत जुनी उपलब्ध पोथी हीच कवीच्या हातची मानण्यासारखें आहे. न्यू ऑर्लिन्सचे बडी बोल्डन यांची एकही मुद्रिका उपलब्ध नाहीं, तरी त्यांच्या बरोबरीच्यांनीं त्यांस आद्य म्हटलें आहे. तसेंच १९२५ पूर्वीं मुद्रण कर्ण्यांतून होई, विजेच्या साहाय्यानें नव्हे. त्यांत मोठा नगारा नीट उमटत नसे. तेव्हां जुन्या तबकडींत नगारा ऐकूं येत नाहीं म्हणून तो वाद्यवृंदांत नव्हता, असें म्हणतां येत नाहीं. शिवाय दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटेंच मावत. नृत्यगृहांत रात्रभर काय वाजे याचा ती पुरावा नव्हे. तो एक सारांश आहे, आणि सारांश कोणाच्या सोयीसाठीं केला हें विचारावयास पाहिजे.

आतां मुंबईकडे वळूं. इ. स. १९३५ सालीं लिऑन ॲबी हे आपला कृष्णवर्णीय वादकांचा वाद्यवृंद घेऊन ताजमहाल हॉटेलांत आले. त्यांच्यामागून क्रिकेट स्मिथ व पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. वेदरफर्ड १९४५ सालीं कलकत्त्यास वारले. स्मिथ हे १९१३-१४ च्या सुमारास न्यूयॉर्कला जेम्स रीस यूरोप यांच्या वाद्यवृंदांत होते, म्हणजे जाझ हें नांव सर्वत्र रूढ होण्यापूर्वीच्या पिढींतले. अशा वादकानें १९३६ मध्यें मुंबईंत ‘ताजमहाल’ ह्या नांवाची रचना मुद्रित केली. नरेश फर्नांडिस यांच्या ‘ताज महाल फॉक्सट्रॉट’ (२०१२) ह्या ग्रंथाचें नांव तीवरूनच घेतलें आहे. फर्नांडिस यांनीं वादकांच्या आठवणी व कुटुंबांजवळचीं छायाचित्रें गोळा केलीं आणि ग्रंथासोबत जुनीं मुद्रणेंही दिलीं. ती पिढी संपत आली असतांना हें झालें, हा त्या ग्रंथाचा मोठा गुण.

ह्या परदेशी वादकांबरोबर व त्यांच्या मागोमाग गोमंतकीय वादक पुढें आले. फ्रँक फर्नांड हे वेदरफर्ड यांच्या वाद्यवृंदांत वाजवीत. हळदोण्याचे अँटोनियो झेवियर वाझ (१९१६-१९६७) हे ‘चिक चॉकलेट’ ह्या नांवानें प्रसिद्ध झाले व त्यांच्या वाद्यवृंदाच्या मुद्रिका निघाल्या. १९४९ च्या दारूबंदीच्या कायद्यानंतर नृत्यगृहांचें उत्पन्न आटलें आणि ह्यांपैकीं पुष्कळ वादक चित्रपटांच्या मुद्रणगृहांत शिरले. पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’ (१९५१) च्या संगीतांत चिक चॉकलेट यांचा हात होता.

येथेंच साधनांचा मोठा खळगा आहे. चित्रपटाच्या तबकडीवर चित्रपटाचें, गायकाचें व संगीतदिग्दर्शकाचें नांव असे. वाद्यमेळाची मांडणी करणारा आणि तो वाजविणारे यांचीं नांवें नसत. सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांसारख्या रचनाकारांचें काम लक्षावधि लोकांनीं ऐकलें, पण लेबलावर त्यांस जागा नव्हती. पोथीवर यजमानाचें नांव राहावें आणि लेखनिकाचें पुसलें जावें तसा हा प्रकार. अमेरिकेंत असा खळगा संग्राहकांनीं हयात वादकांस विचारून बराचसा भरला. आमच्याकडे तें काम थोडें व उशिरां झालें. आणि विचारण्यासारखीं माणसें दरसाल कमी होत आहेत.

विचारपूस केली कीं दुसरा प्रश्न येतो, तो आख्यायिकेचा. बदलापूर हें नांव घोडे बदलण्याच्या जागेवरून पडलें असें लोक सांगतात. व्युत्पत्ति कानास गोड लागते. पण गोड लागणें हा पुरावा नव्हे. जाझच्या इतिहासांत अशा कथांचा सुकाळ आहे. फ्रेडी केपर्ड यांनीं आपली कला दुसरे चोरतील ह्या भीतीनें पहिल्या मुद्रणाची संधि नाकारली, ही कथा फार प्रिय. ती बखरीच्या वर्गांत ठेवणें बरें. चिक चॉकलेट यांस ‘हिंदुस्थानचे आर्मस्ट्राँग’ म्हणत, ही पदवीही तशीच. मात्र येथें तबकडी उपयोगी पडते: वाद्य प्रत्यक्ष ऐकून पदवींत तथ्य किती व भाटपणा किती हें ठरवितां येतें. राजवाड्यांनीं बखरीपेक्षां समकालीन पत्रास अधिक मान दिला; वादकाच्या आठवणीपेक्षां तबकडीस अधिक मान द्यावा तो त्याच न्यायानें.

तिसरा प्रश्न मूळ ठिकाणाचा. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वसाहत कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत झाली, व ऑगस्ट १९४९ मध्यें तिला उल्हासनगर हें नांव मिळालें. उद्यां तेथील एखाद्या घरांत कराचीच्या दुकानदाराची चिठी चिकटलेली तबकडी मिळाली, तर ती कोठें सांपडली आणि कोठें विकली गेली हे दोन वेगळे पुरावे आहेत. ती चिठी धुवून तबकडी ‘स्वच्छ’ करणारा संग्राहक त्यांतील एक पुरावा पुसून टाकतो. भंगारांत ढिगानें घेतलेल्या तबकड्यांविषयीं तर कोणत्या घरांतून कोणता संच एकत्र आला हें कोणीच लिहून ठेवीत नाहीं. म्हणजे एका माणसानें एका काळीं काय ऐकलें याचा दप्तरासारखा अखंड पुरावा विस्कटून जातो.

संग्राहकांच्या पद्धतीचे दोष आतां स्पष्ट होतात. ते दुर्मिळतेस इतिहासाची योग्यता देतात. बाजारभाव हें त्यांचें मोजमाप होऊन बसतें. अस्सल जाझ तेवढा राखून त्याच वादकांनीं पोटासाठीं वाजविलेलें नृत्यसंगीत ते फेंकतात, व मागाहून त्या निवडीवरूनच काळाचें चित्र काढतात. आणि सर्वांत घातक दोष हा कीं त्यांचें ज्ञान चर्चेंत राहतें, कागदावर येत नाहीं. हा तिसरा दोष मुंबईस १९९० सालीं स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ह्या संस्थेनें ओळखला होता; पुढच्याच वर्षापासून ‘द रेकॉर्ड न्यूज’ हें नियतकालिक काढून तिनें संग्राहकांची चर्चा छापील केली, हें तिचें खरें कार्य.

आज संगणकावर जुन्या मुद्रणांच्या नकला सर्वत्र फिरतात. त्यांत लेबल नाहीं, मॅट्रिक्स क्रमांक नाहीं, वेग कोणता धरला तें नाहीं. जुन्या तबकड्या सर्वच मिनिटास बरोबर ७८ फेऱ्यांनीं मुद्रित झालेल्या नाहींत, म्हणून वेग चुकला कीं गायकाची पट्टीही चुकते. अशी नक्कल ऐकण्यास पुरे, प्रमाण म्हणून पुरेशी नाहीं. म्हणून प्रत्येक संग्राहकानें निदान एवढें टिपावें: लेबलावरील मजकूर जसाच्या तसा, दोन्ही क्रमांक, कितवें मुद्रण त्याची खूण, वस्तु कोणाकडून व कोणत्या संचांतून आली, आणि वादकांचीं नांवें कोणी, केव्हां, कशाच्या आधारें सांगितलीं. नकलेसोबत लेबलाचें छायाचित्र व धरलेला वेग द्यावा. ह्यास पैसा लागत नाहीं. वही व सवड लागते.

लाखेची तबकडी हातांतून पडली तर फुटते, आणि संग्राहक गेल्यावर त्याच्या घरच्यांस ती अडगळ वाटते. फुटलेल्या तबकडीची दुसरी प्रत कदाचित् मिळेल. परंतु तींत कोण वाजवीत होता हें ज्याच्या एकट्याच्या स्मरणांत होतें तो न लिहितां गेला, तर त्याची दुसरी प्रत नाहीं. म्हणून तबकड्यांच्या सूचीआधीं आठवणींची सूची करणें हें आमच्या संग्राहकांचें तांतडीचें काम आहे.