कोट आणि खुर्ची

आमच्या होस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर एकच ब्लेझर होता. प्लेसमेंटच्या मोसमात तो नऊ जणांनी घातला. ज्याचा नंबर आधी त्याने आधी घालायचा आणि बाहेर आला की जिन्याखाली थांबलेल्या पुढच्याच्या हातात द्यायचा. खिशात कुणाचा तरी रुमाल राहिलेला असायचा आणि काखेतला ओलावा आपला नसायचा. मला तो खांद्यात चार बोटं सैल झाला. पॅनलवरच्या मॅडमनी 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' म्हटलं, तेव्हा तोंडाने मी पाठ केलेलं इंग्रजी म्हणत होतो आणि अर्धं लक्ष बाह्या वर ओढण्यात होतं.

हे सगळं विसरूनही गेलो होतो. मग गेल्या पावसाळ्यात मृणाल सेन यांचा 'इंटरव्ह्यू' पाहिला. १९७१चा, कृष्णधवल, बंगाली. मोबाईलवर, दोन हप्त्यांत, दुसरा हप्ता ऑफिसच्या बसमध्ये. असे सिनेमे असे बघायचे नसतात हे मला माहीत आहे.

गोष्ट एका दिवसाची आहे. कोलकात्यातला रणजित एका प्रेसमध्ये छोटी नोकरी करतो, आई आणि बहिणीबरोबर राहतो. घरच्यांच्या ओळखीतले एक गृहस्थ परदेशी कंपनीत वरच्या जागेवर आहेत. त्यांनी शब्द टाकलाय. नोकरी जवळपास पक्की, फक्त इंटरव्ह्यूला सूट घालून ये. रणजितचा सूट आहे, पण तो लॉन्ड्रीत, आणि नेमका त्या दिवशी लॉन्ड्रीवाल्यांचा संप. मग तो गावभर सूट शोधत फिरतो. कसाबसा एक उसना मिळतो. तो घेऊन येताना बसमध्ये पाकीटमाराची भानगड होते, पोलीस ठाण्यात जावं लागतं आणि त्या गडबडीत सूट हातचा जातो. शेवटी रणजित धोतर आणि पंजाबी कुडता घालून इंटरव्ह्यूला जातो. नोकरी मिळत नाही.

या सिनेमाबद्दल जे लिहिलं जातं त्यात बहुतेक वेळा वसाहतवाद येतो, आणि ते बरोबरच आहे. सिनेमा सुरूच होतो तो इंग्रजांचे पुतळे चौथऱ्यांवरून उतरवतानाच्या दृश्यांनी. पुतळे गेले, सूट राहिला, इतका सरळ मुद्दा. पण मला धरून ठेवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. रणजितला ते काम जमेल का, याची चिंता अख्ख्या सिनेमात कुणाला नाही. आईला नाही, ओळखवाल्या गृहस्थांना नाही, त्याला स्वतःलाही नाही. सगळा जीव कापडात अडकलाय. आणि त्या कापडाच्या आड येतं कोण, तर संप करणारे लॉन्ड्रीचे कामगार. सेन स्वतः डावे. त्यांना संपाला खलनायक करायचं नव्हतं, पण रणजितची अडचणही खोटी करायची नव्हती. दोन्ही बाजू खऱ्या आणि एकमेकींच्या वाटेत उभ्या. आमच्याकडे एसटीचा संप होता तेव्हा ज्यांच्या परीक्षा बुडाल्या त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

सिनेमातला सगळ्यात गाजलेला प्रसंग ट्राममधला. गर्दीत रणजित उभा आहे, जवळच एक मुलगी सिनेमाचं मासिक चाळतेय आणि त्यात त्याचाच फोटो. मग तो सरळ कॅमेऱ्याकडे वळतो आणि आपल्याशी बोलायला लागतो. मी काही स्टार नाही, माझं नाव रणजित मल्लिक, मृणाल सेन नावाचा माणूस दिवसभर माझ्या मागे कॅमेरा घेऊन फिरतोय. सिनेमातली माझी आई खरी आई नाही, त्या करुणा बॅनर्जी, 'पथेर पांचाली'मधल्या. आणि लगेच 'पथेर पांचाली'चा तुकडा दिसतो. कॅमेऱ्यामागचे के. के. महाजनही दिसतात, जे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकले होते. (एवढ्या एका धाग्यावर हा सिनेमा आपल्या गावचा आहे असं म्हणायला मी तयार आहे.) या प्रसंगाला ब्रेख्तचं तंत्र म्हणतात. असेल. मला मात्र ते 'टेल मी अबाउट युवरसेल्फ'चं खरं उत्तर वाटलं. पॅनलसमोर जे कधीच सांगता येत नाही ते: माझं नाव अमुक, मी इथे कसा आलो, माझ्याबद्दल दाखवलं जातंय त्यातलं किती खरं आणि किती खोटं. इंटरव्ह्यूच्या खोलीत हे बोललं तर पाचव्या मिनिटाला बाहेर. ट्राममध्ये बोलता येतं.

इथपर्यंत मी सेन यांच्या बाजूला आहे. शेवट मात्र मला पटत नाही. नोकरी गेल्यावर अंधारात एक न दिसणारा आवाज, जणू थिएटरमधल्या प्रेक्षकाचा, रणजितची उलटतपासणी घेतो. हाच सिनेमातला खरा इंटरव्ह्यू, आणि तो जबरदस्त आहे. मग रणजित भडकतो, दुकानाच्या काचेवर दगड मारतो आणि आतल्या पुतळ्याच्या अंगावरचा सूट ओरबाडून काढतो. बघताना बरं वाटतं, आणि तीच माझी तक्रार. पुतळ्याने त्याला नाकारलेलं नाही. शिवाय सिनेमा एक गोष्ट हळूच पुढे सरकवतो: रणजितकडे वशिला आहे. त्या शहरात तेव्हा कितीतरी पदवीधर रिकामे हिंडत होते, त्यांतल्या कितीजणांना 'फक्त सूट घालून ये' असं कुणी सांगितलं असेल? ज्याचं बाकी सगळं जुळलंय त्यालाच कोट नडतो. ज्याला आतूनच कुणी बोलावलं नाही, त्याची गोष्ट या दगडात नाही.

ती गोष्ट सत्यजित राय यांच्या 'प्रतिद्वंद्वी'त आहे. १९७०चा सिनेमा, सुनील गंगोपाध्याय यांच्या कादंबरीवरचा. वडील गेल्यामुळे डॉक्टरकी अर्धवट सोडावी लागलेला सिद्धार्थ नोकरी शोधतोय. सुरुवातीचा इंटरव्ह्यू सगळ्यांना आठवतो. गेल्या दशकातली सर्वांत मोठी घटना कोणती, या प्रश्नावर तो व्हिएतनाम युद्ध म्हणतो. पॅनलला चंद्रावरचा माणूस हवा असतो. सिद्धार्थचं म्हणणं असं की चंद्रावर माणूस कधीतरी जाणार हे दिसतच होतं, पण साध्या शेतकऱ्यांनी दाखवलेलं धैर्य कुणाच्या हिशेबात नव्हतं. मग तुम्ही कम्युनिस्ट का, असा प्रश्न येतो, आणि खेळ खलास. या उत्तराचं नेहमी कौतुक होतं. मला ते थोडं लेखकाने हातात दिलेलं वाटतं. असं उत्तर माणसाला इंटरव्ह्यूनंतर रिक्षात बसल्यावर सुचतं.

खरा प्रसंग शेवटाकडे आहे. उकाडा, अरुंद व्हरांडा, उमेदवारांची गर्दी आणि बसायला पुरेशा जागा नाहीत. ताटकळत उभा असलेला एकजण चक्कर येऊन पडतो. सिद्धार्थ आणि आणखी काहीजण आत जाऊन काय मागतात? खुर्च्या. नोकरी नाही, न्याय नाही, बसायला खुर्च्या. त्या मिळत नाहीत. वाट बघता बघता सिद्धार्थला रांगेतली माणसं सांगाड्यांसारखी दिसायला लागतात, आणि आतले लोक जेवायची सुट्टी घेतायत म्हटल्यावर तो घुसून टेबल उलटंपालटं करतो. दगड आणि टेबल, दोन्ही रागाचेच. पण राय यांचा राग योग्य पत्त्यावर पोचतो, कारण तो आधी इतकी लहान मागणी घेऊन गेला होता. पूल कॅम्पसला कुठल्यातरी लांबच्या कॉलेजात सकाळी आठला बोलावून रात्री नऊला 'उरलेल्यांनी जा' असं ज्यांनी ऐकलंय, त्यांना त्या व्हरांड्याचा वास येईल. आम्ही पायऱ्यांवर बसलो होतो. पाण्याचा जार दुपारी संपला होता. टेबल कुणी उलटं केलं नाही. जाताना सगळ्यांनी थँक यू सर म्हटलं.

दोन्ही सिनेमांमध्ये कॅमेरा टेबलाच्या एकाच बाजूला आहे, मागणाऱ्याच्या. पलीकडचे लोक चश्मे, टाय आणि आवाज एवढेच. तेव्हा तेच खरं होतं. गंमत अशी की हे सिनेमे मी पाहिले तोवर मी पलीकडे जाऊन बसलो होतो. गेली दोन वर्षं मी आमच्या टीमसाठी फ्रेशर्सचे इंटरव्ह्यू घेतो. व्हिडिओ कॉलवर, त्यामुळे खुर्ची ज्याची त्याची आणि कोट ऐच्छिक. रणजितचा सूट आता कुठे गेला, असं विचाराल तर तो आमच्या फॉर्ममध्ये आहे. 'कम्युनिकेशन' नावाचा रकाना, एक ते पाच.

'इंटरव्ह्यू' पाहिल्यानंतरच्या आठवड्यात एक मुलगा आला. मागे न रंगवलेली भिंत, पंखा बंद, बहुधा आवाज येतो म्हणून. घाम गळत होता. कोड त्याने व्यवस्थित लिहिला, त्या दिवशीच्या पाचांमध्ये सगळ्यात नीट. का असं केलं, हे इंग्रजीत सांगताना मात्र तीनदा अडकला. मी म्हणालो, मराठीत सांग. तो घाबरला. हा सापळा आहे असं त्याला वाटलं असावं, कारण त्याने पुन्हा इंग्रजीतच सुरुवात केली, आणखी हळू. माझ्याबरोबर पॅनलवर दिल्लीचा एक सहकारी होता, त्याने कॅमेरा बंद करून मला मेसेज केला: क्लायंटसमोर कसा बोलेल हा?

प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. आमचे क्लायंट मराठी बोलत नाहीत. त्या रकान्यात मी तीन भरले, सहकाऱ्याने दोन. आमच्याकडे सरासरी तीनच्या खाली गेली की नाव आपोआप गळतं, आणि हे मला भरताना माहीत होतं. चार भरले असते तर ती बरोबर तीन झाली असती.

वेळ झाली होती. मी पुढच्या मुलाला कॉलवर घेतलं.