टँगोचे महोत्सव आणि आपली बैठकीची लावणी

मंडळी, जामनेरला टँगोवर व्याख्यान कशाला, असं दोघा-तिघांनी आम्हाला आधीच विचारून घेतलं. त्याचं कारण लावणी आहे. लावणीचे महोत्सव आपण गेली तीसेक वर्षं बघतोय, पण त्यांच्याबद्दल बोलताना एकतर हारतुरे घालतो, नाहीतर नाकं मुरडतो. नीट टीका करायची तर शेजारी दुसरं एखादं उदाहरण ठेवावं लागतं. टँगो त्यासाठी चांगला.

टँगो जन्मला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, ब्यूनोस आयरीस आणि माँतेव्हिदेओ या बंदरांच्या गरीब वस्त्यांत. इटली-स्पेनहून पोटासाठी आलेले लोक, आफ्रिकन वंशाचे लोक, यांच्या सरमिसळीतून. घरंदाज माणसं त्याचं नावही घेत नसत. मग 1913 च्या सुमारास पॅरिसला त्याचं वेड लागलं आणि तोच नाच मायदेशी प्रतिष्ठित झाला. (लावणीला पॅरिस भेटलं नाही, तिला सिनेमा भेटला. त्यावर पुढे येतो.) 1930-40 च्या दशकांत तो भरभराटीला आला. 1955 च्या लष्करी उठावानंतर जमावांवर निर्बंध आले, पुढे रॉक संगीतही आलं, आणि टँगो म्हाताऱ्यांचा नाच होऊन बसला.

त्याला उठवलं एका रंगमंचीय कार्यक्रमानं. ‘तांगो अर्हेंतीनो’ 1983 साली पॅरिसला झाला, 1985 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर गेला. आता इथं नीट बघा. कार्यक्रम पाहून घरी गेलेल्या लोकांना तो नाच स्वतः नाचायचा होता. युरोप-अमेरिकेत आठवडाभराची शिबिरं भरू लागली, आणि टँगोच्या महोत्सवांचं मूळ आम्हाला या शिबिरांत दिसतं. दिवसा वर्ग, रात्री मिलोंगा, म्हणजे सगळ्यांनी मिळून नाचायची बैठक. तिथं बघे जवळजवळ नसतातच. आपल्या चोपडा-शिरपूरकडच्या मंडळींना भोंगऱ्या आठवेल. होळीआधीच्या बाजारात ढोल वाजला की नाचणारा कोण आणि बघणारा कोण, सांगता येत नाही. तसंच काहीसं.

या वर्गांना शिकवणारे हवे होते आणि शिकवायला म्हातारे होते. पेपितो आवेयानेदा यांच्यासारखे, गल्लीतल्या नाचघरांत तयार झालेले लोक मास्तर झाले. अँतोनियो तोदारो तर पेशानं गवंडी; पुढच्या पिढीचे नावाजलेले नर्तक त्यांच्याकडे शिकले. ब्यूनोस आयरीस शहराचा सरकारी महोत्सव 1990 च्या दशकाच्या शेवटी आला, जागतिक स्पर्धा 2003 मध्ये आणि युनेस्कोच्या यादीत नाव 2009 मध्ये. म्हणजे सरकार मागून आलं.

आता लावणी. स्वातंत्र्यानंतर लगेच खेर मंत्रिमंडळानं तमाशावर बंदी घातली, मग सुधारणेसाठी समिती, मग संहिता तपासणारं मंडळ. 1959 चा ‘सांगत्ये ऐका’, 1972 चा ‘पिंजरा’, या सिनेमांनी लावणी घराघरांत नेली, पण नेली ती उभ्यानं नाचायची, ठसक्याची. 1993 साली अकलूजला राज्यस्तरीय लावणी स्पर्धा सुरू झाली. तिचं मोठं काम असं की घरच्या बायाबापड्या समोर बसून संगीत बारीच्या कलावंतिणींची लावणी बघू लागल्या. हे श्रेय आम्ही कमी करणार नाही.

पण नंतर गावोगावी जे महोत्सव निघाले, वाढदिवसाचे, जत्रेचे, त्यांनी अकलूजचा मंच उचलला आणि बाकीचं सोडलं. ढोलकीवाला गेला, त्याच्या जागी डीजे आला. मैदान दहा हजारांचं. त्यात बैठकीची लावणी कशी दिसणार? ती बाई बसून गाते. एकच ओळ चार वेळा येते, आणि दर वेळी डोळा, बोट, पदराचं टोक निराळा अर्थ सांगतं. वाईच्या यमुनाबाई वाईकरांची ख्याती या अदाकारीची. त्यांना पद्मश्री मिळाली 2012 मध्ये, वयाच्या सत्त्याण्णवाच्या आसपास! हा प्रकार चार हातांवरून बघायचा. मोठा पडदा लावून तो जवळ येत नाही, नुसता मोठा होतो.

टँगोवाल्यांनाही हीच अडचण होती. त्यांनी जागतिक स्पर्धेत दोन विभाग ठेवले. एक रंगमंचाचा, जिथं उड्या चालतात. दुसरा नाचघराचा: अनेक जोड्या एकाच वेळी गोलात, गाणं आधी ठाऊक नाही, मिठी सोडायची नाही, उड्या बंद. म्हणजे जे दिखाऊ नाही त्याला नियमानंच संरक्षण दिलं. आपल्या गावोगावच्या आयोजकांनी बैठकीसाठी असं एक दालन का राखू नये?

तुलना एका ठिकाणी मात्र तुटते, ते लपवण्यात अर्थ नाही. टँगो शिकणारा फी देतो आणि दुसऱ्या दिवशी अभिमानानं सांगतो. आपल्याकडे लावणी कोल्हाटी, डोंबारी, कळवात समाजांतल्या बायकांनी सांभाळली, आणि तिच्यासोबत त्यांच्या माथी बदनामीही आली. आता शहरांत लावणीचे वर्ग निघालेत, मुली हौसेनं जातात, चांगलं आहे. पण शिकवणारी व्यक्ती बहुधा नृत्यदिग्दर्शक असते, बारीतली बाई क्वचित. आम्ही पाहिलेल्या महोत्सवांत तिला रात्री वीस मिनिटं मिळतात, वर एक नारळ आणि शाल. तिच्याकडचा साठा, कुठली लावणी कुठल्या चालीत, कुठल्या शब्दावर थांबायचं, हे विचारायला सकाळी कोणी येत नाही. त्या गावात तिची सकाळच नसते; गाडी रात्रीच परत निघालेली असते.

तालुक्याच्या गावाला हे परवडेल का, असं तुम्ही विचाराल. मंगल कार्यालयाची एक खोली, सतरंजी, पेटी-तबला, वीस मुली आणि समोर जाणती बाई, इतकंच लागतं. तिचं मानधन मात्र रात्रीच्या निवेदकापेक्षा कमी नको.